ज्यूल-सेझार साव्हिन्यी

मारी ज्यूल-सेझार ललॉर्न्य द साव्हिन्यी (जन्म : ५ एप्रिल १७७७, प्रोव्हँ, फ्रान्स, मृत्यू : ५ ऑक्टोबर १८५१, गाली, व्हर्सायजवळ) हे फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ होते. नेपोलियन बोनापार्टच्या इजिप्त मोहिमेबरोबर गेलेल्या विद्वानांच्या मंडळात अपृष्ठवंशी प्राण्यांचा अभ्यास त्यांच्याकडे होता. कीटकांची मुखांगे आणि सागरी वलयी कृमींचे पायांसारखे अवयव (पार्श्वपाद) यांच्या रचनेचे त्यांनी केलेले विवेचन प्राणिशास्त्रात पायाभूत मानले जाते. वयाच्या चाळिसाव्या वर्षी जडलेल्या नेत्रविकारामुळे त्यांचे कार्य अपुरे राहिले. आयुष्याची शेवटची सत्तावीस वर्षे त्यांना अंधाऱ्या खोलीत काढावी लागली.

सामान्य वाचकांत साव्हिन्यी यांचे नाव त्यांचे गुरू लामार्क किंवा सहकारी झोफ्र्वा सां-तिलेर यांच्याइतके परिचित नाही. तरीही गांडूळखताच्या खड्ड्यात सोडले जाणारे लाल गांडूळ आणि रायगड जिल्ह्यातील कड्यांवर व उंच झाडांवर घरटी करणारी गिधाडे यांच्या शास्त्रीय नावांशी त्यांचा थेट संबंध आहे.

पूर्वायुष्य

साव्हिन्यी यांचा जन्म पॅरिसच्या आग्नेयेस असलेल्या प्रोव्हँ या जुन्या तटबंदीच्या गावी झाला. प्राथमिक शिक्षण गावातील धर्मसंस्थेच्या विद्यालयात झाले. राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९३ साली, ते पॅरिसला आले. त्याच वर्षी तेथील राजोद्यानाचे राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालयात रूपांतर झाले होते. लामार्क, झोफ्र्वा आणि थोड्याच काळाने क्युव्हिए हे तेथे काम करीत होते. वैद्यकासाठी आलेल्या तरुण साव्हिन्यींचे मन या संग्रहालयातच रमले. आरंभी त्यांचा ओढा वनस्पतिशास्त्राकडे होता. कृमी, कीटक किंवा शंखशिंपले हा तेव्हा त्यांचा विषय नव्हता, ही गोष्ट त्यांच्या पुढील कार्याकडे पाहता लक्षणीय वाटते.

१७९८ मध्ये मोहिमेसाठी विद्वानांची निवड सुरू झाली, तेव्हा क्युव्हिए यांनी स्वतः जाण्यास नकार देऊन आपल्या जागी साव्हिन्यींचे नाव सुचविले. पृष्ठवंशी प्राणी झोफ्र्वा यांच्याकडे, वनस्पती दलील यांच्याकडे आणि बाकीचे सर्व, म्हणजे कीटक, कवचधारी, मृदुकाय व कृमी, एकवीस वर्षांच्या साव्हिन्यींकडे आले. ज्या विषयाने त्यांना कीर्ती दिली आणि बहुधा दृष्टीही हिरावून घेतली, तो विषय असा वाट्याला आलेला होता, निवडलेला नव्हता.

इजिप्त मोहीम

मे १७९८ मध्ये तुलाँ बंदरातून आरमार निघाले आणि जुलैच्या प्रारंभी अलेक्झांड्रियास पोहोचले. सैन्याबरोबर दीडशेहून अधिक अभियंते, चित्रकार, गणिती व निसर्गशास्त्रज्ञ होते. १ ऑगस्ट रोजी नेल्सनच्या आरमाराने अबुकीरच्या उपसागरात फ्रेंच जहाजांचा विध्वंस केला, त्यामुळे मायदेशी परतण्याचा मार्ग बंद झाला आणि काही महिन्यांसाठी आलेली ही मंडळी तीन वर्षांहून अधिक काळ अडकून पडली. साव्हिन्यींच्या दृष्टीने मात्र हा अडकाव फलदायी ठरला. नाईलचा त्रिभुज प्रदेश, भूमध्य समुद्राचा किनारा आणि सुएझच्या आखातातील प्रवाळखडक या तिन्ही ठिकाणी त्यांना नमुने गोळा करता आले. लाल समुद्रातील प्राणी हिंदी महासागराच्या परिवारातले. भूमध्य समुद्राचे प्राणी वेगळे. सुएझ कालवा खणला जाण्यापूर्वी, हे दोन्ही समुद्र एकमेकांपासून तुटलेले असताना, त्यांतील लहानसहान जीवांची एकाच माणसाने केलेली ही नोंद असल्यामुळे तिचे महत्त्व पुढे वाढतच गेले.

१८०१ साली फ्रेंच सैन्याने शरणागती पत्करली. तहाच्या अटींनुसार विद्वानांचे संग्रहही विजेत्यांच्या हाती जाणार होते. झोफ्र्वा, दलील आणि साव्हिन्यी या तिघांनी याला कडाडून विरोध केला. संग्रह दिला तर त्यातील टिपणे समजावून सांगणारे कोणी उरणार नाही आणि त्यापेक्षा तो आपल्या हातांनी नष्ट करू, अशी भूमिका घेऊन ते इंग्रज सेनापती हचिन्सन यांच्यापर्यंत गेले. अखेर निसर्गेतिहासाचे नमुने शास्त्रज्ञांजवळ राहू देण्यात आले. प्रसिद्ध रोझेटा शिला मात्र इंग्लंडला गेली. ज्या पेट्यांसाठी साव्हिन्यींनी हा हट्ट धरला, त्यांतील पुष्कळ सामग्रीचे वर्णन पुढे त्यांना स्वतःला करता आले नाही.

पक्षिविषयक लेखन

परतल्यानंतरचे त्यांचे पहिले महत्त्वाचे पुस्तक पवित्र आयबिस या पक्ष्यावर होते (१८०५). आपल्याकडील पांढऱ्या शराटीचा हा जवळचा नातलग. प्राचीन इजिप्तमध्ये हा पक्षी विषारी सापांपासून देशाचे रक्षण करतो अशी समजूत होती व ग्रीक लेखकांनी ती जगभर पोहोचविली होती. साव्हिन्यींनी पक्ष्यांचे विच्छेदन करून पाहिले तेव्हा जठरात साप नव्हे, तर गोड्या पाण्यातील लहान शंख आढळले. नाईलच्या पुराबरोबर येणारा व पुराची वर्दी देणारा म्हणून तो पूज्य झाला असावा, असे मत त्यांनी मांडले.

इजिप्त आणि सिरियातील पक्ष्यांचे वर्गीकरण करणाऱ्या त्यांच्या प्रबंधात शिकारी पक्ष्यांच्या अनेक प्रजाती प्रथमच वेगळ्या काढलेल्या आहेत. शास्त्रीय संकेतानुसार या नावांचे वर्ष १८०९ धरले जाते. गिधाडांची जिप्स ही प्रजाती त्यांपैकीच एक. महाड व म्हसळा परिसरात ज्यांच्या संवर्धनासाठी स्थानिक कार्यकर्ते झटले, ती लांब चोचीची आणि पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडे याच प्रजातीत मोडतात. मासेमार गरुडाची पँडिऑन आणि पांढऱ्या गिधाडाची निओफ्रॉन या प्रजातीही साव्हिन्यींच्याच.

मुखांगांचा सिद्धांत

१८१६ मध्ये त्यांनी अपृष्ठवंशी प्राण्यांवरील आपल्या निबंधांचा पहिला भाग प्रसिद्ध केला. त्यात कीटकांच्या तोंडाचा विचार आहे. झुरळ चावते, डास टोचतो, फुलपाखरू शोषते, माशी चाटते. वरवर पाहता या तोंडांत काहीच समान दिसत नाही आणि त्यामुळे चावणारे व शोषणारे कीटक हे मुळातच भिन्न मानण्याकडे त्या काळच्या अभ्यासकांचा कल होता. साव्हिन्यींनी सूक्ष्मदर्शकाखाली फुलपाखराच्या सोंडेच्या बुडाशी दडलेले बारीक अवशेष शोधून काढले आणि दाखवून दिले की, चावणाऱ्या कीटकांत असलेले जबडे व ओठ हेच भाग, त्याच क्रमाने, शोषणाऱ्या कीटकांतही आहेत. कोठे ते लांबून नळी झाले आहेत, कोठे सुईसारखे झाले आहेत, तर कोठे केवळ खुणेपुरते उरले आहेत. पुढे कवचधारी प्राण्यांचा विचार करताना, तोंडाजवळचे जबड्यांसारखे अवयव हे मूळचे पायच होत, असेही त्यांनी प्रतिपादन केले.

आपल्याकडे महाविद्यालयात प्राणिशास्त्र घेतलेल्या प्रत्येकाने झुरळाची, डासाची व फुलपाखराची मुखांगे शेजारीशेजारी काढलेली असतात. ती तुलना मुळात कोणी केली हे मात्र त्या वहीत सहसा लिहिलेले नसते.

त्याच वर्षी दुसरा भाग आला. दगडांवर जेलीसारखा थर करून राहणारे संयुक्त ॲसिडियन जीव तोवर प्रवाळासारख्या साध्या जीवांत गणले जात. त्यांची अंतर्रचना बरीच गुंतागुंतीची असून एकेकटे राहणाऱ्या मोठ्या ॲसिडियनांशी त्यांचे नाते आहे, हे या भागात सिद्ध केलेले आहे.

वलयी प्राण्यांवरील कार्य

लिनीअसच्या वर्गीकरणात कृमी हा एक अडगळीचा वर्ग होता. जे कीटक नाही आणि ज्याला कणा नाही असे जवळजवळ सर्व त्यात टाकलेले असे. क्युव्हिए यांनी त्यातून लाल रक्ताचे कृमी वेगळे काढले आणि लामार्क यांनी १८०२ मध्ये त्यांना ॲनेलिड, म्हणजे वलयी प्राणी, हे नाव दिले. पण या वर्गाच्या आत कोण कोणाजवळचा, हे ठरविण्याची कसोटी कोणाकडे नव्हती. रंग आणि लांबी पाहून नावे दिली जात.

ही कसोटी साव्हिन्यींनी पायांत शोधली.

ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलातील नेरीस या कृमीचे उदाहरण घेता येईल. त्याचे शरीर शंभराच्या आसपास खंडांचे असते आणि प्रत्येक खंडाच्या दोन्ही बाजूंना मांसल पापुद्र्यासारखा एकेक अवयव असतो. यालाच आज पार्श्वपाद म्हणतात. हे नाव साव्हिन्यींच्या नंतरचे, ते स्वतः त्याला नुसता पाय म्हणत. हा पाय एकसंध नसून दोन भागांचा आहे, एक पाठीकडचा व एक पोटाकडचा, हे त्यांनी सातत्याने लक्षात घेतले आणि या दोन भागांना वल्ह्यांची उपमा दिली. प्रत्येक वल्ह्यात ताठ केसांचा झुबका असतो. हे दृढरोम पाण्यात पसरतात व चिखलात रुततात. झुबक्याच्या मधोमध एक जाड, काळपट सुई असते, ती बाहेर क्वचितच दिसते. तिच्या आतल्या टोकाला स्नायू जोडलेले असतात, म्हणून तीच या पायाचे हाड असल्यासारखी वागते. वरच्या व खालच्या भागाला एकेक स्पर्शतंतू असतो. काही जातींत वरच्या भागावर कल्ले फुटलेले असतात.

हा सांगाडा एकदा हाती आल्यावर साव्हिन्यींनी तो कृमीमागून कृमीत तपासला. मुखांगांच्या बाबतीत जे दिसले तेच येथे दिसले. खवलेधारी कृमींच्या पाठीवरील गोल ढाली या पायाच्या वरच्या भागाशी निगडित निघाल्या. डोक्याजवळची लांब मिशांसारखी अंगे ही पहिल्या काही खंडांचे पायच होत. दृढरोम गमावून ते केवळ स्पर्शासाठी उरले आहेत. क्लोइया या केसाळ कृमीच्या अंगावरील पांढऱ्या शूकांचे झुबके, जे हाताला लागताच मोडून कातडीत राहतात आणि आग करतात, तेही त्याच दृढरोमांचे रूप. नळीत राहणाऱ्या कृमींत पाय जवळजवळ नाहीसे झालेले, पण त्यांच्या जागी बारीक आकड्यांच्या ओळी शिल्लक. नळीची भिंत धरून ठेवण्यासाठी त्या उपयोगी पडतात.

या आधारावर त्यांनी वलयी प्राण्यांचे चार गण केले. पाय आणि डोळे-स्पर्शकांसह स्पष्ट डोके असलेले नेरीसवर्गीय, पाय असून असे डोके नसलेले नळीवासी, पाय नसून केवळ दृढरोम असलेले गांडूळवर्गीय आणि दृढरोमही नसलेल्या जळवा. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ ग्रूबे यांनी १८५० मध्ये पहिले दोन गण एकत्र करून पॉलिकीटा हा गट केला, तरी साव्हिन्यींची चौकट त्याखाली ओळखू येते. हा क्रम मात्र त्यांच्या नंतर उलटा वाचावा लागला. गांडूळ साधे म्हणून आधीचे आणि पायांचे कृमी गुंतागुंतीचे म्हणून नंतरचे, असे पुष्कळ काळ मानले जाई. जनुकांच्या आधुनिक अभ्यासातून असे दिसते की गांडुळे व जळवा या पाय असलेल्या सागरी कृमींच्याच वंशातून निघाल्या आहेत, म्हणजे त्यांच्या पूर्वजांना पाय होते आणि जमिनीत व गोड्या पाण्यात आल्यावर ते गेले.

या प्रबंधाच्या प्रसिद्धीचा इतिहास थोडा दुर्दैवी आहे. तो १८१७ मध्ये विज्ञान अकादमीपुढे आला, पण इजिप्तवर्णन या सरकारी महाग्रंथात छापून येण्यास आणखी काही वर्षे लागली. मधल्या काळात लामार्क यांनी आपल्या वृद्धपणी लिहिलेल्या अपृष्ठवंशी प्राण्यांच्या ग्रंथात (पाचवा खंड, १८१८) शिष्याच्या हस्तलिखितातील नावे घेतली. त्यांनी श्रेय मोकळेपणाने दिले होते, त्यामुळे याला चोरी म्हणता येणार नाही. परंतु नामकरणाच्या नियमानुसार आधी छापलेले नाव ग्राह्य धरले जाते. म्हणून हेसिओन, क्लोइया, युफ्रोसिन, लिसिडीस अशा अनेक प्रजातींपुढे आज लामार्क यांचे नाव किंवा दोघांची जोडनावे लिहिली जातात.

गांडुळांच्या बाबतीत तसे झाले नाही. युरोपातील सर्व गांडुळे म्हणजे लिनीअसचा एकच लुंब्रिकस, असे समजले जात असताना साव्हिन्यींनी पॅरिसच्या परिसरातूनच सुमारे वीस जाती वेगळ्या ओळखल्या. गांडुळाला पाय नसल्यामुळे येथे त्यांनी दृढरोमांची मांडणी व शरीरावरील पट्ट्याची जागा मोजली. १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या जातींत आयसेनिया फेटिडा होती. महाराष्ट्रात गांडूळखतासाठी मोठ्या प्रमाणावर वापरले जाते ते हेच परदेशी गांडूळ.

सागरी गोगलगायींचे पार्श्वपाद

पार्श्वपाद हा शब्द प्राणिशास्त्रात आणखी एका अवयवासाठी वापरला जातो व विद्यार्थ्यांचा त्यामुळे गोंधळ होतो. कवच हरवलेल्या किंवा कवच आत दडलेल्या काही सागरी गोगलगायींच्या पायाच्या दोन्ही कडा वर वाढून पंखासारख्या होतात. सागरी ससा म्हणून ओळखली जाणारी ॲप्लिसिया हे पंख पाठीवर मिटून चालते. तिच्या काही जाती ते हलवून पोहतातही. बर्साटेला या तिच्या नातलगात दोन्ही पंख पाठीवर जवळजवळ शिवल्यासारखे जुळलेले असतात आणि अंगभर झिपऱ्या असतात. एलिसिया या हिरव्या गोगलगायीचे पंख पानासारखे पसरतात. खाल्लेल्या शेवाळातील हरितकणू ती त्यांत साठवून ठेवते. खुल्या समुद्रात तरंगणाऱ्या टेरोपॉड गोगलगायींना सागरी फुलपाखरे म्हणतात ती याच पंखांमुळे.

कृमीचा पार्श्वपाद आणि गोगलगायीचा पार्श्वपाद यांत नावापलीकडे नाते नाही. कृमीचा अवयव खंडागणिक पुन्हा पुन्हा येतो, त्यात दृढरोम असतात, आतून सुई असते. गोगलगायीला खंडच नाहीत. तिची एकच जोडी, तीही पायाचीच वाढलेली कड. काम सारखे असले तरी अवयव एक नव्हे, आणि रूप बदलले तरी अवयव तोच राहू शकतो. साव्हिन्यींनी मुखांगांत व कृमींच्या पायांत जी दृष्टी वापरली तिच्या आधारेच आज हा भेद करता येतो. (पाठीवर अनेक बोटांसारखे उंचवटे असलेल्या रंगीत सागरी गोगलगायींचे ते उंचवटे हा तिसराच प्रकार, त्यांना पार्श्वपाद म्हणत नाहीत.)

इजिप्तवर्णनातील साव्हिन्यींच्या चित्रपटलांत लाल समुद्र व भूमध्य समुद्रातील मृदुकाय प्राण्यांची पटलेही आहेत आणि त्यांत या कवचहीन गोगलगायी त्याच बारकाईने रेखाटलेल्या आहेत. त्यांवरील लेख मात्र साव्हिन्यींच्या हातून लिहिला गेला नाही. बर्साटेलाच्या एका रूपाला व्हिक्टर ओदुएँ यांनी १८२६ मध्ये साव्हिन्यींच्या सन्मानार्थ साव्हिन्याना हे नाव दिले.

नेत्रविकार

१८१७ च्या सुमारास साव्हिन्यींच्या डोळ्यांना अचानक विकार जडला. प्रकाश सहन होईना, मिटलेल्या डोळ्यांपुढेही तेजस्वी आकृत्या व रंग सतत दिसू लागले. समकालीनांनी सूक्ष्मदर्शकावरील अतिश्रमाला दोष दिला. इजिप्तमध्ये सैन्यात नेत्रदाहाची मोठी साथ होती, हेही येथे नमूद करण्यासारखे आहे. साव्हिन्यी स्वतः हा मज्जासंस्थेचा विकार मानत. काम थांबवून ते काही वर्षे इटलीत जाऊन राहिले व थोडा आराम पडताच परतले. १८२१ मध्ये ते विज्ञान अकादमीवर निवडून आले, परंतु १८२४ साली विकार दुप्पट जोराने उलटला आणि मग तो गेलाच नाही.

त्यांच्या स्थितीला सरसकट अंधत्व म्हणणे नेमके होणार नाही. त्यांना दिसेनासे झाले नव्हते. उलट थांबविता न येणारे दिसत होते आणि प्रकाशाचा एक किरणही ते असह्य करीत होता. त्यामुळे व्हर्सायजवळच्या घरात पूर्ण काळोख करून, चेहऱ्यावर काळे वस्त्र घेऊन ते राहत. एका स्नेही स्त्रीने अखेरपर्यंत त्यांची शुश्रूषा केली. या अवस्थेतही त्यांच्यातील निरीक्षक जागा होता. डोळ्यांपुढे येणाऱ्या आकृत्यांचे रंग, गती व क्रम यांचे पद्धतशीर वर्णन त्यांनी तयार केले आणि ते १८३८ मध्ये प्रसिद्ध झाले. आयुष्यभर दुसऱ्या जीवांच्या अवयवांचे वर्णन करणाऱ्या या शास्त्रज्ञाचे हे शेवटचे निरीक्षण स्वतःच्याच एका अवयवाचे होते.

चित्रपटलांचा वाद

इजिप्तवर्णनासाठी साव्हिन्यींच्या देखरेखीखाली कोरलेली अपृष्ठवंशी प्राण्यांची पटले तयार होती. कोळी, कीटक, कवचधारी, शंख, कृमी, काटेरी त्वचेचे प्राणी, प्रवाळ असा त्यांचा विस्तार आहे आणि एकेका प्राण्याचे पाय, जबडे व केस वेगवेगळे मोठे करून दाखविलेले आहेत. परंतु पटलांवर नावे नव्हती. ती साव्हिन्यींच्या डोक्यात व टिपणांत होती. ग्रंथाचे काम पाहणारे जोमार व सरकारी अधिकारी वाट पाहून कंटाळले. आपण बरे होऊ आणि काम स्वतः पुरे करू या आशेने साव्हिन्यी टिपणे व नमुने हातचे सोडीनात. शेवटी स्पष्टीकरणाचे काम तरुण ओदुएँ यांच्याकडे देण्यात आले.

ओदुएँ यांची अडचण मोठी होती. नमुने आणि टिपणे हाताशी नसताना, केवळ चित्रांवरून, त्यांना शेकडो प्राण्यांची ओळख पटवायची होती. त्यांनी ते थोडक्यात आणि घाईने केले. साव्हिन्यींना याचा अतिशय संताप आला. आपल्या हयातीत आपले काम दुसऱ्याकडे सोपविले जाणे त्यांना अपमानकारक वाटले. दोन्ही बाजू समजण्यासारख्या आहेत. साव्हिन्यींनी टिपणे दिली असती तर प्राणिशास्त्राचा फायदा झाला असता यात शंका नाही. पण अंधाऱ्या खोलीत बसलेल्या माणसाकडून ती अपेक्षा करणे सोपे नव्हते, असेही म्हटले पाहिजे. परिणाम असा झाला की साव्हिन्यींनी पाहिलेल्या व रेखाटलेल्या अनेक जातींच्या नावांपुढे आज ओदुएँ यांचे नाव लागते, आणि त्यांतील काहींची खरी ओळख कोणती, यावर अभ्यासकांना पुढे बराच काळ खल करावा लागला. लांब काट्यांच्या एका सागरी साळिंदराला ओदुएँ यांनी साव्हिन्यींचे नाव दिले आहे (डायाडेमा साव्हिन्यी).

वलयी कृमींचा धागा मात्र तुटला नाही. ओदुएँ आणि आंरी मिल्न-एद्वार्स यांनी १८३० च्या दशकात फ्रान्सच्या किनाऱ्यावरील कृमींवर केलेले काम थेट साव्हिन्यींच्या पायांच्या रचनेवर आधारलेले आहे. पाण्यात जाताना या पायांची हालचाल कशी होते हे त्यांच्या काळी स्पष्ट नव्हते. विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जेम्स ग्रे यांनी नेरीसचा अभ्यास करून दाखविले की, शरीराची लाट शेपटीकडून डोक्याकडे सरकते आणि लाटेच्या माथ्यावरचे पाय मागे रेटा देतात. मासा किंवा साप यांच्या उलट दिशेची ही लाट असून, खवल्यासारखे बाहेर आलेले हे पाय खरोखरच वल्ह्यांचे काम करतात.

कोकण किनाऱ्याशी संबंध

साव्हिन्यी भारतात कधी आले नव्हते. त्यांनी लाल समुद्रात पाहिलेल्या प्राण्यांचे परिवार मात्र अरबी समुद्रातही आहेत. सुएझच्या आखातातील नमुन्यांवरून त्यांनी ओळखलेला, आणि लामार्क यांच्या ग्रंथात प्रथम छापला गेलेला, पेरिनेरीस नुन्शिया हा कृमी भारतीय किनाऱ्यावरूनही नोंदविला गेला आहे. पिएर फोव्हेल यांच्या भारतीय पॉलिकीटांवरील ग्रंथात (१९५३) साव्हिन्यींच्या प्रजाती पानोपानी भेटतात. क्लोइया कधी लाटांबरोबर वाळूवर येते आणि तिच्या सोनेरी-पांढऱ्या केसांना भुलून हात लावणाऱ्याला त्याची आठवण पुढे बराच वेळ राहते.

रायगड जिल्ह्याच्या आतल्या भागातील वाचकाला हा विषय दूरचा वाटणे स्वाभाविक आहे. पण महाबळेश्वरला उगम पावून पोलादपूर व महाडवरून बाणकोटच्या खाडीला मिळणाऱ्या सावित्री नदीच्या काठाने गेल्यास साव्हिन्यींचे गण जवळजवळ क्रमाने भेटतात. पोलादपूरच्या भातखाचरांत व पालापाचोळ्यात गांडुळे आहेत, पावसाळ्यात आंबेनळी घाटाच्या रानवाटांवर पायाला चिकटणाऱ्या जळवा आहेत. या दोघांनाही पाय नाहीत. महाडच्या खाली भरतीचे खारे पाणी लागते, तिवरांचा चिखल सुरू होतो आणि त्या चिखलात पाय असलेले कृमी आढळू लागतात; मासे पकडणारे ते उकरून गळाला लावतात. बाणकोट-हरिहरेश्वरच्या खडकांवर दगडांना चिकटलेल्या पांढऱ्या चुनखडी नळ्या दिसतात. त्या नळीवासी कृमींच्या असून भरतीच्या पाण्यात त्यांतून पिसांसारखे तुरे बाहेर येतात.

निधन

साव्हिन्यी यांचे ५ ऑक्टोबर १८५१ रोजी व्हर्सायजवळील गाली येथे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय चौऱ्याहत्तर होते. डायाडेमा व बर्साटेला यांशिवाय इजिप्तमधील पाकोळीची एक उपजात त्यांच्या नावाने ओळखली जाते, तर वाळवंटी प्रदेशातील एका मोठ्या घुबडाचे, बुबो अस्कॅलाफस याचे, शास्त्रीय नाव स्वतः साव्हिन्यींनी दिलेले आहे.